वेबसाइटची राखण

गावाजवळच्या कडावच्या बाजारात विमलबाईंचं झेरॉक्सचं दुकान. बाई पंचावन्नच्या, तोंडाने फटकळ आणि कुणाच्या बापाला न भिणाऱ्या. त्यांच्या भाचीने, नम्रताने, दुकानातल्या कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये एक सोय बसवून दिली होती. आवडीच्या वेबसाइटवर काही बदललं की कोपऱ्यात लाल ठिपका उमटायचा आणि जुनं पान, नवं पान शेजारी-शेजारी दिसायचं. बाईंनी आधी भाताचे बाजारभाव लावले, मग बिरड्याच्या नाना तऱ्हा लिहिणाऱ्या कुणा बाईचं पान. आणि गावाच्या गुरचरणावर रिसॉर्ट काढायचा अर्ज पडला तेव्हा, सुनावणी घेणाऱ्या खात्याचं पानही लावलं.

गाव हसलं. "काकू आता वेबसाइटची राखण करतान," शेजारचा रोहिदास म्हणायचा, "डुकरं शिरतील म्हनून!"

"शिरतात रं," बाई म्हणायच्या, "इस्त्रीचे कपडे घालून."

दहा जुलैला सकाळी ठिपका उमटला. जुन्या पानावर सुनावणी अठरा तारखेला होती, नव्यावर अकरा. बाकी अक्षरही हललं नव्हतं. म्हणजे सुनावणी उद्याच, आणि हरकत घ्यायला कुणी आलं नाही की गुरचरण गेलंच. बाईंच्या अंगाची लाही लाही झाली. दोन्ही पानं छापून त्यांनी दुकानाला कुलूप घातलं आणि थेट गाव गाठलं.

रोहिदास धाऊच्या बांधावर भेटला. धाऊ म्हणजे बाईंच्या नवऱ्याचा जोडीदार. त्याच्या शेतावर दुसऱ्या दिवशीच्या लावणीची तयारी चालली होती.

"काकू, पंचायतीच्या बोर्डावर शिक्क्याचा कागद हाय. त्यात अठरा हाय," रोहिदास म्हणाला. "कॉम्प्युटरवर काय पन येतंय."

"शिक्का त्यांचा, वेबसाइट पन त्यांचीच. कागद तुला झोपवायला हाय रं, अन् सुनावणी तू झोपल्यावर."

"आसंल. पन उद्या इथं सावड लागलीय. लावणी टाकून कोन येनार?"

त्याचंही खोटं नव्हतं. सावडीत घरटी एक माणूस जातो, ज्याचा दिवस त्याच्या शेतावर सगळं गाव वाकतं. ती मोडणं म्हणजे भरल्या पंगतीतून उठून जाणं. नवरा गेल्यावर विमलबाईंनी शेत दुसऱ्याला कसायला दिलं, पण सावड सोडली नाही. सहा पावसाळे त्या लोकांच्या चिखलात राबल्या होत्या आणि स्वतःसाठी एकदाही दिवस मागितला नव्हता. तो त्यांनी आज मागितला.

"उद्या माजी सावड. धाऊ, तुजी परवा."

धाऊ हातातली रोपांची जुडी घेऊन बघतच राहिला. "तुजं शेत कुटं हाय आता, वैनी?"

"कचेरीत. घरटी एक मानूस, साडेदहाला."

धाऊने रोहिदासकडे पाहिलं, रोहिदासने चिखलाकडे. मागितलेल्या सावडीला नाही म्हणायची रीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अकराला कचेरीत सुनावणीचे साहेब 'हरकतदार कोणी हजर नाही' असं लिहून घेत होते, तेवढ्यात दारातून चाळीस माणसं आत आली. साहेबांची लेखणी थांबली. बाईंनी दोन्ही पानं त्यांच्या टेबलावर मांडली. साहेबांनी ती पाहिली, कारकुनाच्या कानात काही सांगितलं आणि कारकून लगबगीने आतल्या खोलीत गेला.

थोड्या वेळाने साहेब अगदी गोड आवाजात म्हणाले, "मावशी, तुमचा गैरसमज झालाय. सुनावणी अठरालाच आहे. हवं तर वेबसाइट बघा."

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. दुकानात बसवलेली नम्रता होती. बाईंनी ऐकून घेतलं आणि फोन पदराला पुसला.

"अकरा वाजून बारा मिनटांनी परत अठरा केलंत, साहेब. माजी भाची छापतेय. आनू?"

मागे कुणीतरी फस्सकन हसलं. साहेबांचा चेहरा उतरला. "बरं, मग अठराला या ना सगळे."

"अठराला बी येऊ. पन आज आलोय तर आजच्या हरकती लिवून घ्या. तारीक तुमची हाय, गुरचरन आमचं."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांच्यामागे चाळीस माणसांनी फरशीवर बसकण मारली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, तिथेही माणसंच होती. शेवटी त्यांनी कोरा कागद ओढला.

"नाव सांगा, मावशी."

"माजं शेवटाला लिवा. पयलं धाऊचं लिवा," विमलबाई म्हणाल्या. "त्याची लावणी आज तुमच्यापायी ऱ्हायलीय."