कप्तान मेला तेव्हा लाइन गेली होती

आमच्या हिंगणीत कप्तान वज्रनाथ मेला की जिवंत आहे यावरून जेवढी भांडणं झाली, तेवढी शेताच्या धुऱ्यावरूनही झाली नसतील. कप्तान वज्रनाथ म्हणजे 'तारायान'चा नायक. गावात शारदादेवी बसली की दरवर्षी मंडळाच्या मांडवात या अंतराळ-नाटकाचा नवा भाग होतो. माझ्या जन्माआधीपासून चालू आहे हे. आधी पुंडलिकराव गुरुजी लिहायचे. त्यांना दिसेनासं झालं आणि ते लचांड माझ्या गळ्यात आलं. मी सेवाग्रामला दवाखान्यात नर्स आहे. ड्युटी करून घरी यायचं, भाजी फोडणीला टाकायची आणि यान उडवायचं.

लिहिण्याचा त्रास नाही, त्रास बघणाऱ्यांचा आहे. दुसऱ्या भागात यानाला तीन दारं होती, आता चार कशी? यंत्रमानव डाव्या पायाने लंगडतो, तर यंदा उजव्याने का लंगडला? यंत्रमानव म्हणून घातलेल्या धान्याच्या कोठीचा पत्रा आतल्या माणसाच्या उजव्या पायाला लागला होता म्हणून लंगडला. हे सांगितलं तर म्हणतात, मग तसं नाटकात दाखवायचं होतं. माझ्या लग्नाचीही इतकी चौकशी कोणी केली नव्हती.

या कटकटीला आवर म्हणून गावाने एक नियम करून ठेवला आहे. पडदा उघडा असताना जे घडलं ते खरं. पडदा पडल्यावर लेखकाने कितीही खुलासे करावेत, ते कोणी धरत नाही. नियम बरा आहे, पण एकदा तोच अडकला. कप्तान मरणार होता त्या वर्षी यान काळ्या सूर्याजवळ पोचलं आणि लाइन गेली. जनरेटरही ऐनवेळी बंद पडला. अर्धं गाव चपला चाचपत घरी गेलं. उरलेल्यांनी अंधारात कप्तानाचं शेवटचं बोलणं ऐकलं आणि धप्पकन पडल्याचा आवाज ऐकला. तेव्हापासून बसलेले म्हणतात, पडदा उघडा होता, म्हणजे मेला. गेलेले म्हणतात, कोणाला दिसलंच नाही तर घडलं कसं? गुरुजींनी पुढे त्याचं नावच काढलं नाही. मीही नाही. यान आता त्याची भाची चालवते.

मेलेल्या पक्षाचा पुढारी श्रावण, मोबाइल दुरुस्तीवाला. जिवंत पक्ष चालवते तानाबाई. तिचा नवरा चिंधूकाका म्हणजेच कप्तान. त्या रात्री गाय सुटेल म्हणून ती घरी गेली होती, आणि नवऱ्याने घरी येऊन कितीदा सांगितलं तरी तिने कप्तानाचं मरण मान्य केलं नाही.

यंदा चिंधूकाकांच्या किडन्या गेल्या. डायलिसिसला ते माझ्याच वॉर्डात येतात. एक दिवस मशीन चालू असताना म्हणाले, मले एकडाव कप्तान कर. मी खूश झाले. म्हटलं, परत आणते तुम्हाला, जिवंत, श्रावणचं नाक कापून.

त्यांनी मान हलवली. "जित्ता नको, पोरी. त्या मरन्याची मी लय तालीम केलती. पडलो तं कोनी पाह्यलंच नाई. मले उजेडात मरू दे. तिनं पाह्यलं पाह्यजे."

मी उगाच नळी नीट केली.

मंडळाच्या बैठकीत मी विषय काढला. श्रावण लगेच उठला. मेलेला पुन्हा मरतो कसा? दुसऱ्यांदा मेला तर पहिलं मरण रद्द धरायचं का? मी सांगितलं की प्रयोग दुपारी ठेवू, लाइनची भानगडच नको. तर अंतराळात ऊन कसं, ही त्याची पुढची शंका. सूर्य अंतराळातच असतो रे बाबा, म्हटल्यावर कुठे खाली बसला.

तानाबाई मात्र शांतपणे म्हणाली, "कप्तान मेला नाई. मी नाई पाह्यला मरताना." आणि उठून गेली.

मला तिचा भयंकर राग आला. माणूस उद्या आहे की नाही याचा भरवसा नाही, त्याची एक इच्छा आहे, आणि हिला आपला पक्ष सुटत नाही! तिच्या घरी जाऊन मी तिला तसं तोंडावर सुनावलंही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, तुले जे लिव्हायचं ते लिव्ह.

प्रयोगाच्या दुपारी ऊन असं होतं की कप्तानाच्या टोपाची चंदेरी पन्नी डोळ्यांना टोचत होती. चिंधूकाका खुर्चीत बसूनच बोलले. आवाज बारीक झाला होता, पण एक शब्द चुकला नाही. मग ते उठले, काळ्या सूर्याकडे हात केला आणि पडले. इतके सावकाश, इतके नीट! मांडवात श्रावण रुमालात तोंड घालून रडत होता.

मी पडदा ओढणाऱ्याला खूण करणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून तानाबाई उठली. पायऱ्या चढून सरळ यानात शिरली. आता ही सगळं नासवते, असं वाटून मी कपाळावर हात मारला. ती वाकली.

"पाह्यलं मी," ती म्हणाली. "चांगले मेले. आता उठा."

त्यांनी डोळे उघडले. तिने हात दिला. तो धरून ते आधी बसले, मग उभे राहिले. टोप एका कानावर आला होता, तो तिने सरळ केला. मग तिने पडद्याआड उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"पडदा उघडाच हाये न, वर्षाली?"

मला कळलं. नियमाने आता त्यांचं मरणंही खरं आणि उठणंही खरं.

"उघडाच हाये," खालून श्रावण म्हणाला. "आमी सगळ्यायनं पाह्यलं."

"मंग पाडा आता," तानाबाई म्हणाली.