थोरल्या घराची वात

बाबलीने कपाशीच्या बुडाशी खड्डा केला, टोपलीतली तारली मासळी त्यात ओतली आणि कुंपणापलीकडे पाहिलं. धाकट्या घरच्या चुलतभावाची, सत्यवानाची, कपाशी जेमतेम मांडीला लागत होती, पण फुलांनी पिवळी झाली होती. बाबलीने टोपली झटकून उरलीसुरली तारलीही खड्ड्यात टाकली.

"साहेबांनी दिलेला खत घातलात मां? मगे ही मासळी कित्या?" मथुराने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"माडाक घालतंय तेवा इचारतंस? माड वाढता, तशी ही पण वाढात."

भाद्रपदात शेतीखात्याचे तरुण साहेब या रेताड जमिनीत कपाशी येते का ते पाहायला आले होते. त्यांनी दोन जातींचं बी आणलं. एक ठेंगणी, लवकर फुटणारी. दुसरी परदेशी, लांब रेशमी धाग्याची. "हिला वेळ लागतो, म्हणून आधी पेरा. आणि खत बेतानं," असं ते दुसरीबद्दल बजावून गेले. थोरल्या घराचा मान म्हणून बाबलीने परदेशी बी उचललं. उरलेलं सत्यवानाने घेतलं आणि गौरी-गणपती पोचवताच पेरून टाकलं. बाबली मात्र दसऱ्यापर्यंत थांबला. नवं काम दसऱ्याला सुरू करायचं, ही घराची रीत.

शिवरात्रीच्या पहिल्या दिव्याची वात देण्याचा आणि तो दिवा लावण्याचा मानही त्याच घराचा. पण यंदा देवळात गुरव गुरुदास हसत म्हणाला, "गावात कापूस पिकता, मगे इकतची वात कित्या? ज्याचो आधी फुटात, तेची वात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबलीला नाही म्हणता आलं नाही.

तारलीने काम केलं. बघता बघता कपाशी त्याच्या खांद्याला आली. पानं तळहाताएवढी, काळीभोर. वाटेवरचे लोक थांबू लागले.

"बाबल्या, कपाशी म्हणान काजूची झाडा लावलंस काय रे?"

"तेका दाखय," बाबली कुंपणाकडे हनुवटी उडवी, "तेची दिसता तरी काय हयसून?"

माघात साहेब परत आले. पानं बाजूला सारून त्यांनी फांद्या तपासल्या. "पेरायला उशीर झाला, आणि वर खत जास्त. झाड पानांच्याच मागे लागलंय."

"बोंडा धरतली मां?"

"धरतील थोडी. पण शिवरात्र होऊन जाईल."

पलीकडे सत्यवानाच्या शेतात बोंडं फुटली होती. कुंपणाकडे पाठ करून बसलं तरी ते पांढरं शेत डोळ्यांसमोरून हलेना.

शिवरात्रीच्या दुपारी सत्यवान सुपात कापूस घेऊन दारात आला. तो टोमणा मारील, या तयारीत बाबली होता.

"वैनी, वाती तुमीच वळा," सत्यवान म्हणाला. "दिवो भाईनच लावूचो. मान थोरल्या घराचो."

"माका कोणाची भीक नको!" बाबली ओरडला.

मथुराने सूप आत नेलं, वाती वळल्या आणि एक त्याच्या हातात ठेवली.

संध्याकाळी बाबलीने देवळाच्या पायरीवरचा दिवा लावला. आखूड धाग्याची ती वात, पण ज्योत सरळ उभी राहिली. माणसं पाया पडत होती, सत्यवान मागे गर्दीत उभा होता. विझू दे एकदा, बाबलीच्या मनात आलं.

तेवढ्यात समुद्राकडून वारा आला. ज्योत आडवी झाली.

बाबलीचे दोन्ही हात आपसूक पुढे गेले. ज्योत पुन्हा उभी राहीपर्यंत त्याने ओंजळीचा आडोसा धरला. त्या हातांना अजून तारलीचा वास येत होता.