उत्तरेचा पट्टा

बंदरावर तिला सगळे मास्तरीण म्हणत. ती कुठल्या शाळेत शिकवत नव्हती. सुपरमार्केटवाल्यांनी मासळीच्या खोक्याखोक्याचा जन्मदाखला मागायला सुरुवात केली, तेव्हा फोनवरचा तो लांबलचक फॉर्म न चुकता भरणारी बंदरावर ती एकटीच निघाली, एवढंच. कोणती बोट, कोणतं जाळं, कोणता दिवस आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोणती जागा. हे सगळं मासळीच्या पाकिटावरच्या चौकोनी ठिपक्यांत जाई. गिऱ्हाईक दुकानात उभं राहून त्यावर फोन धरी आणि त्याला मास्तरणीचा नवरा आणि दीर बोटीवर हसताना दिसत.

घरात माणसं चारच. सासूबाई, नवरा म्हणजे थोरला, ती स्वतः आणि धाकटा दीर. दिराला चेष्टेनं तुफान म्हणत, कारण आंघोळीला गेला तरी तासभर बाहेर येत नसे. बोट सुटायच्या वेळी हा गडी अजून मोजा शोधत असायचा. वहिनीशी त्याचं फार जमे. तिचं लग्न झालं तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, त्याला गणित तिनं शिकवलं होतं आणि दोघांपैकी कुणालाच त्यातून फारसं काही मिळालं नव्हतं.

दक्षिणेला खडकाळ पट्टा होता. मासळी तिथं अंडी घालते म्हणून तो बंद केलेला, आणि तिथली मासळी सुपरमार्केट घेत नसे. मासळीला पिलावळ वाढवायला जागा पाहिजे हे बंदरावर सगळ्यांना पटतं, जाळी भरून येताहेत तोवर अगदी मनापासून पटतं. त्या वर्षी उत्तरेचा खुला पट्टा रिकामा पडला. ठरलेली खोकी सलग तीनदा कमी भरली की बोटीचं नाव यादीतून जाणार होतं, आणि दोनदा तर ती कमी भरलीच होती. तिसऱ्या खेपेच्या दिवशी सकाळी चहा पिताना थोरला म्हणाला की आज खाली दक्षिणेला जाऊ, एकदाच. तुफान मोजा घालत होता, त्यानं मान हलवली. सासूबाई तिथंच डबा भरत होत्या. मास्तरणीनं फॉर्ममध्ये ‘उत्तरेचा पट्टा’ भरलं आणि पाठवून दिलं. लहान होड्यांवर जागा सांगणारं यंत्र नव्हतं. सगळा कारभार भरवशावर.

बाराला बोट यायची, ती आली नाही. धुकं पडलं होतं. एक वाजता बचाव नौकेचा प्रमुख दारात आला आणि त्याच्या मागोमाग सुपरमार्केटच्या थंड ट्रकवरचा खरेदीदार. तोही काळजीनंच आला होता बिचारा, हे सांगायलाच हवं. प्रमुखानं विचारलं की बोट कुठं गेली आहे. मास्तरणीनं फोन काढला आणि फॉर्म वाचून दाखवला. उत्तरेचा पट्टा.

बोट बुडाली असेल असं तिच्या मनातसुद्धा आलं नाही. इंजिन रुसलं असेल, धुक्यानं अडकली असेल, आणि तुफान सोबत असताना कोणती गोष्ट वेळेवर झाली होती? आत्ता येतील दोघं हसत, आणि आपण मात्र खरेदीदाराच्या तोंडावर बंद पट्ट्याचं नाव घेऊन बसलेलो असू. म्हणून ती गप्प बसली. नौका उत्तरेला गेली. मास्तरीण ओसरीवर येरझारा घालत राहिली. मग एकदम ती अनवाणी धक्क्यावर धावली, वायरलेसच्या खोलीत शिरली आणि खरी जागा सांगितली. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात दोनला दहा मिनिटं कमी होती.

जाळं खडकाला अडकून बोट उलटली होती. पावणेतीनला नौका पोचली तेव्हा थोरला उपड्या बोटीला चिकटलेला होता. निळा पडला होता, पण जिवंत होता. तुफान नव्हता. तो दुसऱ्या दिवशी सापडला.

त्यानंतर सासूबाईंनी एकच धरलं. आठवड्यातून एकदा तरी त्या थोरल्याला समोर बसवत आणि विचारत, शेवटी काय काय झालं ते सांग. आणि थोरला सांगे. दोघंही बोटीला धरून होतो. त्याला थंडी फार वाजत होती. मी म्हणत होतो, धीर धर. तोच उलट मला म्हणाला, “काळजी करू नकोस दादा, वहिनीला जागा माहीत आहे. ती पाठवते बघ त्यांना.” असं तो दोनदा म्हणाला. मग त्याचा हात सुटला, आणि थोड्याच वेळात नौकेचा भोंगा ऐकू आला.

हे ऐकताना मास्तरीण भांडी घासत असे, भाजी निवडत असे, काहीतरी करतच असे. थोरल्याला वाटत होतं की धुक्यानं उशीर झाला. बचाव प्रमुखाला खरं ठाऊक होतं, पण तो भला माणूस होता. त्यानं आपल्या अहवालात नुसत्या वेळा लिहिल्या आणि मूग गिळून बसला. आठ महिने तिला झोप म्हणून लागली नाही. सांगावं तर नवरा उभ्या जन्मात तोंड बघणार नाही, आणि सासूबाई? त्यांच्यापुढं उभं तरी कसं राहायचं?

मग सुपरमार्केटकडून तपासनीस बाई आल्या. बोट दुरुस्त होऊन उभी होती, यादीत पुन्हा नाव चढलं की थोरला समुद्रावर जायला मोकळा. बाई नेमस्त होत्या, मायेनं बोलणाऱ्या होत्या. सगळे बाहेरच्या खोलीत बसले. बाईंनी कागद पुढं केले आणि म्हणाल्या, फक्त एकच गोष्ट जुळत नाही. फॉर्ममध्ये उत्तर आहे आणि बोट सापडली दक्षिणेला. प्रवाहानं वाहत गेली असणार, तसं लिहू या का? थोरला लगेच हो म्हणाला. त्या दिवशी प्रवाह नेमका उलटा होता हे बंदरावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण बाई बंदरावरच्या नव्हत्या.

सही मास्तरणीची लागणार होती, फॉर्म तिचा म्हणून. तिनं पेन हातात घेतलंसुद्धा. तेवढ्यात बाईंनी पिशवीतून एक पुठ्ठा काढला. दुकानात मासळीच्या फ्रीजवर लावायला तो नवा छापून आणला होता. दोघं भाऊ हसताहेत, आणि खाली मोठ्या अक्षरात, ‘या कुटुंबाच्या शब्दावर आमचा विश्वास आहे.’ बाईंना वाटलं, घरच्यांना बरं वाटेल.

मास्तरणीनं पेन खाली ठेवलं.

“वाहत नाही गेली,” ती म्हणाली. “बंद पट्ट्यातच गेली होती. मला माहीत होतं. मी खोटं भरलं.”

थोरला म्हणाला, गप्प बस. ती गप्प बसली नाही. नवऱ्याकडे वळून म्हणाली, “अहो, बचाव नौकेवाले विचारायला आले तेव्हाही मी खोटंच सांगितलं. त्यांना उत्तरेला पाठवलं. पन्नास मिनिटं. भाऊजी माझ्या भरवशावर पाण्यात होते आणि मी पन्नास मिनिटं गप्प होते.”

तपासनीस बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी कागद गोळा केले, मला हे लिहावं लागेल, असं हळू आवाजात म्हणाल्या आणि निघाल्या. पुठ्ठा टेबलावरच राहिला. थोरला बायकोकडे बघत होता, पण ओळखीचं काही त्याच्या डोळ्यांत नव्हतं. मग तो उठला आणि ओसरीवर जाऊन पाठ करून बसला.

सासूबाई इतका वेळ कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. मास्तरीण त्यांच्या पायाशी जाऊन बसली. मारलं असतं तर बरं वाटलं असतं, पण त्यांनी हातही लावला नाही. गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि ओसरीवर गेल्या. आता मायलेक मिळून आपल्याला घराबाहेर काढणार, असं मास्तरणीला वाटलं, आणि त्यात काही चूक आहे असं तिला वाटलं नाही.

मग बाहेरून सासूबाईंचा आवाज आला, एरवी विचारायच्या तसाच, शांत.

“तिला एकटीला काही बोलू नकोस. मी आतल्या खोलीत होते. तो प्रमुख आला, हिनं उत्तर म्हणून वाचलं, ते सगळं मी ऐकलं. तुम्ही कुठं गेलात ते मलाही माहीत होतं की. मला वाटलं, ट्रकवाला उभा आहे, पोरांचं नाव जाईल. ती निदान धावली तरी. मी तिथंच बसून धाकट्याच्या धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होते.”

मग म्हातारीनंच विचारलं, “तो दोनदा म्हणाला ना, वहिनीला माहीत आहे म्हणून? माझं नाव नाही ना घेतलं त्यानं?”

“नाही, आई,” थोरला म्हणाला.