खालच्या दोन, वरची एक

धायरीत रंगरावांच्या गॅरेजात उत्तरेश्वरला सगळे नुसतं 'उत्तर' म्हणत. गाडी कशीही कुरकुरो, त्याच्याकडे उत्तर असायचंच. नसलं तरी ते तो अशा ठसक्यात द्यायचा की गिऱ्हाईक गप्प. इंजिन उघडावं ते त्यानेच. मग डिप्लोमा करून शेफाली आली, त्याच्याच हाताखाली तयार झाली, आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

रंगराव आता कर्वेनगरला दुसरं गॅरेज काढत होते. तिथला मुख्य कोण, हे दसऱ्याला ठरणार होतं. वर्षापूर्वी हा प्रश्नच पडला नसता. हल्ली मात्र इंजिन शेफालीकडे जायचं आणि उत्तरेश्वरला सांगणं यायचं, "तू जरा ब्रेक बघ." ब्रेक! त्याला!

त्या सकाळी आनंद नावाच्या आयटीवाल्याच्या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलायचा होता. शेफालीने नवा बेल्ट चढवला. वरच्या-खालच्या पुलीवरच्या खुणा जुळतात का ते बघायला ती पान्याने इंजिन हातानेच फिरवत होती, तेवढ्यात आनंदने विचारलं, "या बेल्टचं एवढं काय असतं?"

ती थांबली. "स्वारगेटला बस बघता ना? एका दाराने चढतात, दुसऱ्याने उतरतात. इंजिनातही तशी दोन दारं, म्हणजे व्हॉल्व्ह. एकातून हवा-पेट्रोल आत, दुसऱ्यातून धूर बाहेर. ती दारं वरचा कॅम उघडतो. पिस्टन खालच्या क्रँकला बांधलेला. दोघांचा मेळ हा बेल्ट ठेवतो. मेळ चुकला, तर पिस्टन उघड्या दारावर आपटतो."

"आणि दोन्ही दारं एकदम उघडी राहिली तर?"

"राहतातच, क्षणभर. उतरणारे पुरते उतरायच्या आत चढणारे घुसतात ना, तसं. बसमध्ये भांडणं होतात. इंजिनात मात्र वेगाने बाहेर पडणारा धूर नव्या हवेला आत ओढतो."

"वा, मॅडम!" आनंद म्हणाला. रंगराव मिशीत हसले.

ब्रेकशी बसलेल्या उत्तरेश्वरचे कान तापले. ती बस त्याची होती. स्वारगेटही त्याचंच, तिथल्या गर्दीत धक्के खाऊन सुचलेलं. उदाहरण त्याचं आणि शाबासकी तिला! तो तरातरा उठला, इंजिनात डोकावला आणि त्याला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. खालच्या, क्रँकच्या पुलीची खूण जागेवर होती, पण वरची, कॅमची, पार उलट्या बाजूला.

"थांबा!" तो ओरडला. "अर्धा फेरा चुकलाय. चावी मारली असती तर सगळे व्हॉल्व्ह वाकले असते. भाषणं देऊन टायमिंग जुळत नसतं, मॅडम."

रंगराव पुढे आले. "काय गं, खरं हाय का?"

शेफालीने पाना उचलला आणि खालची पुली आणखी एक फेरा फिरवली. वरची खूण सावकाश वर आली. दोन्ही खुणा जागेवर.

खालच्या दोन, वरची एक. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅम एकदाच फिरतो. नव्या माणसाला उत्तरेश्वर पहिल्या दिवशी हेच घोकायला लावायचा. ती पहिल्या फेऱ्यावर बोलायला थांबली होती, एवढंच. त्याला तिची चूक इतकी हवी होती की ती दिसली.

"काय उत्तर?" रंगरावांनी विचारलं. उत्तर नव्हतं.

"अहो काका, उत्तरमामांनी मुद्दाम गोंधळवलं," शेफाली पटकन म्हणाली. "सारखी परीक्षा घेत असतात माझी."

त्या क्षणी ती त्याला सगळ्यात जास्त सलली. टोमणा मारला असता तर त्याने चार सुनावले असते. पण तिने त्याला सांभाळून घेतलं होतं, आणि तो तिच्या जागी असता तर त्याने तसं केलं नसतं.

रंगरावांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मग मास्तर, सांगा की. पास हाय का पोरगी?"

विचारलं जातंय ते कर्वेनगर, हे त्याला कळलं. नापास म्हणावं, तर कशात ते सांगावं लागणार.

"पास," तो म्हणाला.

"तुझ्याच तोंडून आलं, बरं झालं. आता दसऱ्याची वाट कशाला? कर्वेनगर तिच्याकडं."

शेफाली वाकून त्याच्या पाया पडली. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण आशीर्वाद काही तोंडातून फुटेना.

"झाकण लाव आणि चावी मार," तो कसाबसा म्हणाला.

गाडी पहिल्याच चावीत सुरू झाली. उत्तरेश्वर बॉनेटवर वाकून कान देऊन ऐकत राहिला, कुठे एखादी खडखड सापडते का म्हणून. सापडली नाही.