बैराग्याची जट

उचगावात एक कुत्रं होतं, त्याला बायका हळदकुंकू लावायच्या. हसायचं काही कारण नाही. शाहू महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. तुम्ही-आम्ही त्या काळी त्या गावात असतो तर आपणही मुकाट्यानं लावलं असतं.

कुत्रं तानाबाईचं. खरं म्हणजे ते आलं बैराग्यांच्या एका टोळीमागून. बैरागी पुढं निघून गेले आणि हे तिच्या गोठ्यात बसलं ते बसलंच. अंगभर केस, डोळ्यांवर केस, हनुवटीखाली वीतभर दाढी. नाव पडलं बैराग्या. पुढं त्या दाढीचा असा काही गुंता झाला की तिची घट्ट जट बनली. शेजारच्या शालूबाईनं ती पाहिली आणि जागच्या जागी हात जोडले.

"तानाक्का, यल्लम्माची जट हाय ही! हिला कातर लावू नगंस. घराचं वाटोळं हुईल बघ."

झालं. गावात एकदा देव आला म्हटल्यावर त्याला घालवणार कोण? तानाबाईनं त्या जटेला कधी कंगवासुद्धा लावला नाही. नवरा प्लेगात गेलेला, मूलबाळ नाही, घरात ती, म्हैस आणि बैराग्या. रोज पहाटे ती म्हैस हाकत कोल्हापुरात जायची आणि तालमीच्या दारात पैलवानांसमोर धार काढायची. म्हैस महाहट्टी. ती वाटेत बसली की फक्त बैराग्याच तिला उठवायचा. कधी भुंकून, कधी नुसता तिच्या तोंडाशी जाऊन बसून. त्याच्यावाचून म्हैस चालत नव्हती, आणि म्हैस चालल्यावाचून तानाबाईची चूल पेटत नव्हती. पण कुत्रं पाळायचं हे झालं लोकांना सांगायचं कारण. खरं कारण असं की दिवसभरात तानाबाई जेवढं बोलायची त्यातलं बारा आणे त्या कुत्र्याशीच बोलायची.

वाटेत सरकारी पागा लागायची. तिथला सालोत्री, म्हणजे घोड्यांचा वैद्य, इलाही. मूळचा मुरगूडचा, मेंदी लावलेली दाढी, आवाज असा की चार घोडी कान टवकारायची. त्यानं एकदा तिला भर रस्त्यात अडवलं.

"आक्का, ह्या कुत्र्याला भादरा की! दाढीत गोचिड्यांनी गाव वसवलंय. कातडं सडंल त्येचं."

तानाबाई उसळलीच. "देवीच्या जटंला हात लावशीला? हात झडंल तुमचा! घोडी बघा की तुमची गुमान."

त्या दिवसापासून ती पागेपुढून तोंड फिरवून जायची. इलाहीही काही कमी नव्हता. तो मोठ्यांदा म्हशीला सलाम करायचा आणि बाईकडे बघायचाही नाही. दोन वर्षं हे असं चाललं होतं.

मग गावची जत्रा आली. तानाबाईनं मटण शिजवलं आणि ताटातली सगळ्यात चांगली नळी, आतल्या गरासकट, बैराग्यापुढं टाकली. स्वतः चोखली असती तर कोणी काही म्हणणार नव्हतं. पण त्याला ती पंजात धरून चाटताना बघण्यात तिला जास्त चव लागली. नळीचं हाड बांगडीसारखं गोल, आतून पोकळ. ते चाटत चाटत बैराग्या गोठ्यामागं गेला आणि तानाबाई पाहुण्यांच्या भांड्यांना लागली.

दुसऱ्या दिवशी तो जेवला नाही. जास्त झालं असेल, असं म्हणून तिनं सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिनं त्याला जवळ जाऊन पाहिलं. बैराग्याचं तोंड मिटत नव्हतं. लाळेच्या तारा जटेवरून ओघळत होत्या. डोळे लाल. तो तोंड जमिनीला घासायचा, उठून तीन फेऱ्या मारायचा आणि पुन्हा घासायचा. तिनं पाण्याची परात पुढं केली. त्यानं तोंड बुडवलं आणि किंचाळून मागं उडी मारली. हे नेमकं कुडापलीकडून शालूबाईनं पाहिलं.

"पाण्याला भ्यालं! अगं बया, पिसाळलं की गं ह्ये!"

दुपारपर्यंत दारात माणसं जमली. काल ज्या हातांनी हळदकुंकू वाहिलं होतं त्याच हातांत आज काठ्या होत्या, आणि याचं कोणालाच काही वाटत नव्हतं. पुढं बाळासो पाटील. माणूस वाईट नव्हता हो. गेल्याच साली गावातला एक तरणा गडी पिसाळलेलं कुत्रं चावून तडफडून मेला होता आणि पाटलानं त्याला शेवटी दावणीच्या दोरानं बांधलेलं पाहिलं होतं.

"तानाक्का, दिवस मावळायच्या आत त्येला संपवाय पायजे. तुझ्यानं हुत न्हाई. आमी करतो. तू घरात बस."

"दिवस मावळंपतोर त्यो माझा हाय न्हवं?" तानाबाई दारात आडवी उभी राहिली. "मग तवर कुणी हात लावायचा न्हाय. लावून दावा!"

पाटलानं सूर्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तेवढी मुदत मिळाली.

पण कुत्र्याला बघणार कोण? माणसांना वैद्य होते, घोड्यांना सालोत्री. कुत्र्याला काठी. सालोत्री म्हटल्यावर तिला इलाही आठवला आणि आपण त्याला काय काय बोललो तेही आठवलं. तोंड पोळल्यासारखं झालं. पण जीव कुत्र्याचा जाणार होता, अब्रू काय परत कमावता येते. तिनं बैराग्याला दोरानं बांधलं, वर कोंबड्या झाकायचं डालगं पालथं घातलं आणि शालूबाईची छकडी मागितली. शालूबाईनं ती दिली. वीस पावलांवर उभी राहून दिली, पण दिली.

पागेत इलाही एका घोड्याचा खूर खरवडत बसला होता. वाटेत जुळवलेलं सगळं बोलणं तानाबाई विसरली.

"मामा," ती एवढंच म्हणाली, "माझं कुत्रं मारणार हाईत."

जुनं उट्टं काढायला यापेक्षा चांगली वेळ आली नसती. इलाहीनं ते काढलं नाही. हात पुसत तो उठला आणि मोतद्दारांना, म्हणजे घोडी राखणाऱ्या गड्यांना, लांब जायला सांगितलं.

"कुणाला चावलंय?"

"न्हाई."

"तुमाला वळीकतंय?"

त्यानं डालगं बोटभर उचललं. आत शेपटी छकडीच्या फळीवर आपटायला लागली. इलाही जरा वेळ ती शेपटीच बघत राहिला. मग त्यानं घमेलंभर पाणी आणवलं आणि दोर लांब सोडला. बैराग्या आपणहून पाण्याशी गेला, तोंड घातलं, कळवळून मागं आला आणि पुन्हा गेला.

"ह्ये पाण्याला भीत न्हाई, आक्का. पाणी मागतंय. त्येला पिता येत न्हाई." त्यानं हनुवटीखालच्या जटेला नुसतं बोट लावलं, तसं कुत्रं विव्हळलं. "ह्या जटंत काय तरी हाय. ती कापल्याबिगर काय दिसायचं न्हाय. तुमी न्हाय म्हणला तर मी कातर लावणार न्हाय. तुमची देवी हाय."

ऊन भिंतीवर चढलं होतं. तानाबाईनं घर आठवलं, म्हैस आठवली, यल्लम्मा आठवली. भीती वाटली, चांगलीच वाटली. मग तिनं हात पुढं केला.

"कातर माझ्याकडं द्या. कोप हुयाचा त्यो माझ्यावर हुंदे."

इलाहीनं डोकं धरलं आणि तिनं घोड्याची आयाळ कापायची ती मोठी कातर चालवली. जट कसली, घोंगडंच ते. गोचिड्या टपटप खाली पडत होत्या. निम्मी जट कापून झाली आणि कातर कशावर तरी आपटली.

"दगूड हाय का काय?"

इलाहीनं केस बाजूला केले. खालच्या जबड्याभोवती, सुळ्यांच्या मागं, एक पांढरं कडं घट्ट बसलं होतं. दोन्ही बाजूंनी मांस सुजून त्यावर आलं होतं. बाहेरून जटेनं ते झाकलं होतं आणि लाळ बघून तोंडात डोकवायची कोणाची छाती झाली नव्हती.

तानाबाईनं ते कडं ओळखलं. तिनं कातर खाली टाकली. "नळी हाय ही. जत्रंची. मीच दिलती, मामा. माझ्या हातानं दिलती."

"रडायचं ते मागनं रडा. आदी डोकं धरा."

त्यानं नालबंदाची पक्कड घेतली. पण पक्कड लावायची तर जीभ सांभाळायला हवी होती. त्यानं डाव्या हाताची दोन बोटं लाळेनं भरलेल्या त्या तोंडात, कडं आणि जीभ यांच्या मधे सरकवली. पक्कड दाबली. हाड कडकन फुटलं आणि बैराग्याचे दात त्या बोटांवर मिटले. दोन दिवसांत कोणालाही न चावलेलं कुत्रं आता चावलं होतं. रक्त मनगटापर्यंत आलं. तानाबाई ओरडली. इलाहीनं हात काढला नाही. त्यानं पक्कड दुसऱ्या बाजूला लावली आणि पुन्हा दाबली. कड्याचे दोन तुकडे जमिनीवर पडले.

बैराग्यानं तोंड मिटलं, उघडलं, पुन्हा मिटलं. मग घमेल्याशी जाऊन तो पाणी प्यायला लागला. सगळं घमेलं संपेपर्यंत तानाबाई त्याच्याशेजारी बसून होती आणि तोंडात पदर कोंबून रडत होती. दुःखानं नव्हे, माणूस सुटल्यावर रडतं तशी.

इलाहीनं हाताला फडकं गुंडाळलं, कुत्र्याच्या जखमेला हळद-तेल लावलं आणि म्हणाला, "आता निम्मी दाढी करून गावात धाडू व्हय ह्येला? लोक मला हसतील." त्यानं बैराग्याला शेपटीपर्यंत भादरलं आणि कडुनिंबाच्या पाण्यानं चोळून धुतलं. खालून निघालं एक सडसडीत, पिवळसर, चांगलं तरुण कुत्रं. तानाबाई त्याच्या डोळ्यांकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांत तिनं ते असे उघडे पाहिलेच नव्हते.

दिवस अजून कासराभर वर होता तोवर छकडी वेशीत आली. काठ्या तिथंच होत्या.

"बैराग्या कुठं हाय?" पाटलानं विचारलं. मग छकडीत डोकावून, "आन् ह्ये पावणं कुठलं आणलंस?"

पावण्यानं खाली उडी मारली आणि थेट पाटलापुढं जाऊन शेपटी हलवत बसला. पाटलानं धोतराचा सोगा वर धरला होता, तो हळूहळू खाली सोडला. तानाबाईनं हाडाचे तुकडे त्याच्या हातावर ठेवले आणि झालं ते सांगितलं. पाटलानं ते एकमेकांना जुळवून पाहिले. मग त्यानं काठी वेशीच्या भिंतीला टेकवली.

"आन् जट?" शालूबाई लांबूनच म्हणाली.

"पदरात हाय. देवीच्या पायावर ठेवती आन् सांगती, तुझं तुला दिलं, माझं मला ऱ्हाऊ दे." आणि ती तशीच देवळात गेली.

दुसऱ्या दिवशी पैलवान तालमीच्या दारात ताटकळले, कारण म्हैस आधी पागेत गेली होती. तानाबाईनं इलाहीसमोर धार काढली आणि फेसाळ तांब्या त्याच्या उजव्या हातात दिला. डावा हात फडक्यात होता.

"मामा, तुमचं उपकार कसं फेडू मी? तुमाला तोंडाला येईल ते बोललेली बाई मी. चावलं तरी तुमी हात काढला न्हाई. पिसाळलेलं असतं म्हंजे?"

इलाही तांब्या हातात धरून हळू बोलायला लागला. एरवीचा आवाज कुठं गेला होता कोण जाणे.

"मुरगुडात माझी कुत्री हुती, आक्का. चांदणी. तिची बी अशीच लाळ गळाय लागली. सगळी म्हनली पिसाळली. मी बी म्हनलो. सालोत्र्याचा पोरगा मी, पर तोंड उघडून बघितलं न्हाय. काठी घेतली." तो थांबला. "पुरताना बघितलं. टाळूला हाडूक अडाकलं हुतं. एवढंसं. बोटानं निघालं. आन् ती काठी बघून बी शेपूट हालवत हुती, आक्का."

तानाबाई म्हशीचा कासरा सोडून त्याच्यासमोर खाली बसली.

"तवा मला आडवं उभं ऱ्हाणारं कुणी न्हवतं," तो म्हणाला. "काल तुमी ऱ्हायलासा. उपकार तुमचंच हाईत माझ्यावर. प्या म्हनता तर पितो दूध, पर फेडीचं म्हनून न्हाय."

बैराग्या येऊन त्याच्या गुडघ्याला टेकला. इलाहीनं तांब्या खाली ठेवला, चांगल्या हातानं त्याचं तोंड उघडलं, वाकून टाळू पाहिली, सुळे पाहिले, जिभेखाली पाहिलं. कुत्र्यानं मुकाट्यानं पाहू दिलं.

"साफ हाय," इलाही म्हणाला.

मग तो रिवाजच पडला. रोज सकाळी पागेशी आल्यावर बैराग्या थांबायचा आणि इलाहीपुढं जाऊन बसायचा. इलाही त्याचं तोंड उघडून बघायचा. बघायला लागतो त्यापेक्षा बराच जास्त वेळ बघायचा. तालमीत पैलवान दुधासाठी ओरडत असायचे, म्हैस रस्त्यात बसकण मारायची, पण तानाबाईनं त्याला कधी घाई केली नाही.