अर्विनचं नाक

"डोकं अजून वाकव. पाणी एका नाकपुडीतून जाऊन दुसरीतून यायला हवं, माझ्या बाहीत नव्हे," नेल्डा म्हणाली.

अर्विन लुडेके स्वयंपाकघरातल्या सिंकवर ओणवा झाला होता. बायकोने बाटली दाबली मात्र, तो बोंब मारत ताठ उभा राहिला.

"मीठ! मीठ घातलंच नाहीस तू!"

"घातलं की."

"नुसतं पाणी आहे गं हे! मेंदूला सुया टोचल्या."

"मेंदू? डॉक्टरबाईंनी काढलेल्या तुझ्या डोक्याच्या फोटोत तर काही दिसला नव्हता," असं म्हणून ती हसत सुटली. मग तोही नाक गाळत हसला. उकळून गार केलेलं पाणी पातेल्यात उरलं होतं. त्यात मीठ आणि चिमूटभर खायचा सोडा त्याने या वेळी स्वतःच घातला, आणि पुन्हा मान वाकवली.

टेक्सासच्या आमच्या या डोंगराळ भागात कोणी शिंकलं तर डॉक्टरकडे जात नाही, सिडरला शिव्या घालतो. थंडीत त्या झाडांतून परागांचा असा लोट उठतो की रान पेटलंय असं वाटावं. अर्विनने तर जन्मभर लोकांच्या रानातली सिडरच तोडली होती. त्यामुळे त्याचं नाक चोंदलं, गाल ठणकले, रात्रभर घशात घाण उतरली, की तो म्हणायचा, "सूड घेतंय झाड." जुलैत सिडरचा पराग औषधालाही सापडत नाही आणि याचं नाक तेव्हाही बंदच असायचं, पण एवढा विचार कोण करतो? गावाने सांगितलेले उपाय त्याने सगळे केले. गावठी मध झाला, मिरच्या झाल्या, आणि व्हिस्की, जी आमच्याकडे कशावरही चालते. या सगळ्यात त्याला वास येणं कधी बंद झालं ते त्यालाही सांगता आलं नसतं. जेवण कसलंही असो, त्याला फक्त खारट नाहीतर गोड लागायचं.

शेवटी नेल्डानेच त्याला कानाला धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण त्याच्या डोक्याच्या स्कॅनचा फोटो समोर धरून त्यांनी शांतपणे समजावलं.

"मिस्टर लुडेके, सिडरचा पराग थोडे आठवडे असतो. तुमचं दुखणं बारमाही आहे. नाकाभोवतीच्या या पोकळ्यांना आतून कायमची सूज आलीय, आणि तिच्यातून हे पॉलिप, म्हणजे मऊ गाठी, वाढलेत. भिजवलेल्या बेदाण्यांसारखे दिसतात. वासाला वर जायला वाटच नाही. मी वाट मोकळी करून देईन, पण ती मोकळी ठेवणं तुमच्या हातात. रोज धुवायचं आणि फवारा मारायचा. आळस केलात तर बेदाणे परत येतील."

"वास येईल ना पण याला?" नेल्डाने विचारलं.

"बहुधा येईल. वचन देत नाही."

"येऊ दे बाई. लग्नापासून पाव भाजतेय मी, आणि हा म्हणतो, 'मऊ आहे.'"

ऑपरेशन झालं. पुढे रोज तेच: धुणं, फवारा, आणि नेल्डाचा प्रश्न, "आला का रे वास?"

आणि एका रविवारी सकाळी तो आला. आधी कॉफी. अर्विन पेल्यात नाक घालून उभाच राहिला. मग लहान मुलासारखा घरभर फिरला. करवतीचं तेल हुंगलं, बुटांचं कातडं हुंगलं, कुत्र्याला तर इतकं हुंगलं की ते बिचारं ओशाळलं. आता नेल्डाला सांगायचं! ती निळा झगा घालून आरशापुढे कानातलं अडकवत होती, चर्चला निघायची तयारी. त्याने पाठीमागून जाऊन तिच्या मानेत नाक खुपसलं.

आंबूस, कुबट वास आला. बरेच दिवस अंगावर जिरलेल्या घामाचा. आणि खालून लघवीचा.

"काय रे?"

"काही नाही. छान दिसतेस."

तो बाथरूममध्ये गेला. तिचा साबण वाळून तडकला होता. तिच्या कपाटात, नीट घड्या घालून, न धुतलेले आतले कपडे रचलेले होते. ही बाई भांडी पुसायच्या फडक्यांनासुद्धा इस्त्री करायची. अर्विनने कपाट हळूच लावलं.

चर्चमध्ये त्यांच्या पुढचा बाक रिकामा होता, मागचाही. आपल्या शिंकरण्याला लोक विटलेत अशी त्याची इतके दिवस समजूत होती, आणि म्हणून तो लाजून कडेला बसायचा. प्रार्थना संपल्यावर सगळे जेवणाकडे वळले, तेव्हा त्याने नेल्डाच्या थोरल्या बहिणीला, वर्लीनला, बाजूला घेतलं.

"तुला माहीत होतं?"

"अर्विन, अख्ख्या गावाला माहीत आहे. आम्हाला वाटलं, तू सगळं जाणून गप्प आहेस. बाया म्हणतात, नवरा असावा तर असा."

"माझं नाक बंद होतं गं."

"देवा रे!" ती बाकावर बसली. "मी एकदा म्हटलं तिला, आंघोळ कर म्हणून. घराबाहेर काढलं तिने मला. मग गाडीपर्यंत आली आणि रडायला लागली. म्हणाली, नळ कुठला आधी फिरवायचा तेच कळत नाही. पाणी अंगावर आलं की भीती वाटते म्हणाली. आणि शपथ घातली, अर्विनला सांगायचं नाही. त्याच्यासमोर मला वेडी ठरवू नकोस म्हणाली."

अर्विन तिच्या शेजारी बसला.

"डॉक्टरला दाखवायला हवं," वर्लीन म्हणाली.

"दाखवू. उद्याच फोन करतो. पण आज तिला आंघोळ हवी, आणि ती मी सांगितली असं तिला वाटता कामा नये."

घरी परतताना गाडीत तिने रोजच्यासारखं विचारलं, "आला का रे वास?"

ही बातमी सांगायला तो किती आसुसला होता! "नाही गं. अजून नाही."

"येईल. धीर धर," तिने त्याच्या गुडघ्यावर थोपटलं.

दुपारी तो डोकं दाबून बसला. "डॉक्टरबाईंनी वाफ घ्यायला सांगितलीय. शॉवर गरम सोडायचा आणि आत बसायचं. पण एकट्याने नाही, घेरी येते."

डॉक्टरबाईंनी यातलं अवाक्षरही काढलं नव्हतं.

"मग मी बसते की सोबत," नेल्डा लगेच उठली.

"कपडे भिजतील तुझे."

"मग काढू. या वयात लाजतोस होय रे, म्हाताऱ्या?"

त्याने आत दोन खुर्च्या मांडल्या. हातात धरायचा शॉवर घेऊन आधी स्वतःच्या पायांवर पाणी सोडलं, मग तिच्या. ती दचकली आणि तिने त्याचं मनगट घट्ट पकडलं. तो थांबला. "फार गरम आहे का? माझ्यासाठी बघ जरा." ती पाण्याकडे बघत राहिली. मग पकड सैल झाली. "बरोबर आहे," ती म्हणाली. पायांवरून गुडघे, मग पाठ, मग खांदे असा तो हळूहळू वर गेला. नवा साबण फोडून त्याने तिची पाठ चोळली. केसांना फेस केला.

"लक्ष कुठाय तुझं? श्वास घे खोल," ती दटावत होती. "वाफ आत गेली पाहिजे."

त्याने खोल श्वास घेतला. जे काही होतं ते सगळं त्याने आत घेतलं.

"किती दिवस करायचं हे?"

"रोज."

"कधीपर्यंत पण?"

"जुनाट आहे हे, नेल्डा. पुरतं बरं होत नाही. रोज सांभाळायचं, एवढंच."

तिने फेसाळ हातांनी त्याचा चेहरा वर उचलला आणि निरखून पाहिला. "अरे वेड्या, मग त्यात रडतोस काय? मी आहे ना तुझ्याजवळ."

"आहेस ना," तो म्हणाला. "मान कर मागे."

तिने मान मागे केली. डोळ्यांत साबण जाऊ नये म्हणून त्याने तिच्या कपाळावर हात आडवा धरला आणि केसांवर पाणी सोडलं.