काठावरचे दोन ठोके

मित्रांनो, मी एक जुना पितळी टोप आहे. जुना म्हणजे भंगारात काढलेला नव्हे हं! अजून मी चुलीवर चढतो, अजून पहाटेपासून उकळतो. अंगाला पोचे आले आहेत आणि काठावर एका जागी खळगा पडला आहे, एवढंच. नवीन गिऱ्हाईक माझ्याकडे बघून म्हणतं, "हा टोप कुठे आपटला वाटतं." मी कुठेही आपटलो नाही. तो खळगा कसा पडला, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

माझा जन्म बँकॉकच्या एका अरुंद गल्लीत झाला. तिथे दिवसभर हातोडे चालत, त्यामुळे शेजारी एकमेकांशी खुणांनीच बोलत. मला घडवणाऱ्या कारागिराने माझ्या पोटात मधोमध एक भिंत घातली. एका बाजूला डुकराच्या हाडांचा रस्सा आणि दुसऱ्या बाजूला तांदळाच्या शेवया उकळायचं साधं पाणी. दोन्ही बाजूंनी सारखंच उकळायचं, पण एकाचं दुसऱ्यात जाऊ द्यायचं नाही. हे काम दिसतं तितकं सोपं नाही. मला त्याचा गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

मला विकत घेतलं सिउ लांग नावाच्या तरुण बाईने. ता चीन नदीच्या काठी बांग तानच्या बाजारात तिने लाकडी फळ्यांचं दुकान थाटलं होतं. मला मांडीवर घेऊन ती नावेतून घरी आली, आणि वाटेत जो भेटेल त्याला सांगत सुटली, "बघा, टोप आणलाय!" जणू काही मी तिचं पहिलं मूलच होतो. तिची खरी मुलगी, ओराफिन, नंतर झाली. पुढे सिउ लांगचे केस पांढरे झाले आणि सगळा बाजार तिला आमा म्हणू लागला. आमा म्हणजे आजी.

आमाचा दिवस अंधार सरायच्या आत सुरू व्हायचा. हाडं, पांढरा मुळा, कोथिंबिरीची मुळं, लसूण, मिरी, आणि कालच्या रश्श्यातलं राखून ठेवलेलं एक ओगराळं. पहिली वाटी जमिनीवरच्या लाल देव्हाऱ्यातल्या भूमीदेवाला. मग नावाडी, फळबागेत जाणाऱ्या बायका, शाळेतली पोरं. वाटीची किंमत वाढवायचं कुणी सुचवलं की आमा फणकारायची, "नावाड्याला दोन वाट्या परवडल्या पाहिजेत. एका वाटीने कुणाचं पोट भरतं का?"

गर्दीच्या वेळी आमा तोंडातून शब्द काढत नसे. वाटी भरली की ती ओगराळ्याने माझ्या काठावर दोनदा वाजवायची. टण, टण. त्याचा अर्थ एकच, घेऊन जा. ओराफिन कुठेही असो, टेबल पुसत असो की गिऱ्हाइकाशी हसत असो, ते दोन ठोके पडले की वळायची आणि दोन्ही हात पुढे करायची. लहानपणापासून हेच. तर मित्रांनो, माझ्या काठावरचा खळगा हा असा पडला.

नदीवर पूल झाला तेव्हा सगळा बाजार नटूनथटून त्याच्यावर फिरायला गेला. आमा गेली नाही. "पाण्यात सिमेंट उभं करतात आणि म्हणे पडणार नाही! नाव निदान बुडायच्या आधी डुलते तरी." पलीकडे काही काम निघालं की ती छुआ काकांच्या नावेनेच जायची. छुआ काका तिच्याकडून भाडं घेत नसत, परत आल्यावर एक वाटी ओरपत. म्हणून त्या वाटीचं नावच पडलं होतं, आमाचं भाडं.

मग एका वर्षी पुरात अर्धा बाजार पाण्यात गेला, आणि काठावर भिंत बांधायचं ठरलं. आमची दुकानांची ओळ पाडणार होते. ओराफिनचा नवरा सोमखित याने पुलापलीकडे बस थांब्याजवळ एक गाळा बघितला. फरशी, पंखे, नळाला पाणी.

"आई, सगळेच चाललेत गं," ओराफिन म्हणाली.

"जा की. तुम्हाला कोण धरून ठेवतंय?" आमा मुळा कापता कापता म्हणाली. "हा टोप मात्र या चुलीवरून हलायचा नाही. हलवायचाच तर मी मेल्यावर हलवा."

"तुझं आपलं काहीतरीच!"

ते काहीतरीच नव्हतं. त्याच उन्हाळ्यात, दुपारी गिऱ्हाईक सरल्यावर, आमा माझ्या शेजारच्या स्टुलावर टेकली ती उठलीच नाही. ओगराळं तिच्या मांडीवर होतं. मी मंद उकळत होतो. ओराफिनने हाका मारल्या, मग ती किंचाळली. मी तसाच उकळत राहिलो, कारण मला दुसरं काही करता येत नाही. देवळात भिक्षूंनी सगळं यथासांग केलं. पण दुकानात मला रोज वाटायचं की ती स्टुलावर आहेच.

दुकान हलवायचा दिवस आला. सोमखितने उदबत्ती लावून भूमीदेवाला सांगितलं, "देवा, नव्या घरी चला," आणि देव्हारा छातीशी धरून बाहेर नेला. आमचे लोक गेलेल्या माणसालाही असंच बोलावतात. चल, वळण आलं, पूल आला, असं वाटभर सांगत नेतात. नाही सांगितलं तर ते माणूस बिचारं जिथल्या तिथे राहतं. ओराफिन हातात उदबत्ती घेऊन त्या रिकाम्या स्टुलासमोर बराच वेळ उभी राहिली. मग तिने ती न पेटवताच पुन्हा पुड्यात घातली, मला उचललं आणि मागे न बघता टेम्पोत चढली. स्टूल तिथेच राहिलं. मला ओरडावंसं वाटलं. पण पितळेला कुणीतरी वाजवल्याशिवाय आवाज फुटत नाही.

नव्या गाळ्यात हाडं तीच होती, मुळा तोच, हात ओराफिनचे, आणि तिलाही आमानेच शिकवलं होतं. तरी रस्सा पांचट व्हायचा. जुनी गिऱ्हाइकं पूल ओलांडून आली, एकदा जेवली, अर्धी वाटी ठेवून "छान आहे हं" म्हणाली आणि पुन्हा फिरकली नाहीत. काही दिवसांनी सोमखितने माझ्यावर बोट ठेवलं. "टोप म्हातारा झालाय. पितळेचा वास उतरतोय." पितळेचा वास! उभा जन्म उकळलो, तेव्हा नाही उतरला! बाजारातून स्टीलचा नवा टोप आला आणि मला मागच्या फळीवर ठेवून माझ्या पोटात लसूण भरला. मला फार लागलं ते, मित्रांनो. स्टीलच्या टोपातला रस्साही तितकाच पांचट झाला, पण त्याचं मला सुख वाटलं नाही. ओराफिन गल्ल्यावर बसून म्हणायची, "पावसाळ्यापर्यंत बघू. नाहीतर बंद करू."

आणि एके सकाळी माझ्या काठावर ठोका पडला.

टण, टण. अगदी खळग्यात. जवळपास ओगराळं नव्हतं, माणूस नव्हतं. पोटातली लसणाची सालं सळसळली. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्याही. आधी हळू असलेले ठोके रोज जरा जोराने पडू लागले. आमा रागावली आहे, असंच मला वाटलं. मी हललो होतो ना त्या चुलीवरून! माझ्यात जीव असता तर थरकाप उडाला असता.

आठवडाभराने छुआ काका आले. नव्या गाळ्यात ते पहिल्यांदाच येत होते. बसायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पोरी, तुझ्या आईचा टोप कुठाय?"

"त्या फळीवर. का?"

"मग तिकडे कोण वाजवतंय? सकाळ झाली की बंद दुकानातून टण टण. धक्क्यावरच्या बायका त्या बाजूने जाईनाशा झाल्यात."

"उंदीर असतील हो, काका," सोमखित म्हणाला.

"दोनदाच वाजवून थांबणारा उंदीर? चांगला शिकलेला दिसतो." मग काका ओराफिनकडे वळले. "निघताना तिला सांगून निघालीस ना?"

ओराफिनच्या हातातला झारा खाली पडला.

"मला वाटलं, तू सांगितलंस," सोमखित पुटपुटला.

"नाही सांगितलं," ओराफिन म्हणाली आणि तिथेच खाली बसून रडू लागली. "धीरच झाला नाही, काका. ती नको म्हणाली असती तर? मग मी काय केलं असतं? चोरासारखी निघून आले मी. आता ती मला शिव्या देत असेल तिथे."

"देऊ दे. पण उद्या मशिनं येणार आहेत तिकडे," काका हळूच म्हणाले. "छप्पर गेल्यावर म्हातारी कुठे बसेल?"

भर दुपारी, ऊन मी म्हणत असताना, ओराफिन आणि सोमखितने माझ्यातला लसूण काढून मला टेम्पोत ठेवलं. "ती माझं कधी ऐकायची नाही," ओराफिन म्हणाली. "टोपासाठी येईल."

जुन्या दुकानाचं दार ढकललं. आत सगळीकडे धुळीचा जाड थर बसला होता. फक्त चुलीवरचं माझं गोल ठिकाण स्वच्छ होतं, नुकतंच फडक्याने पुसल्यासारखं. स्टुलावरही धूळ नव्हती. सोमखित दारातच थबकला. ओराफिनने उदबत्ती पेटवली.

"आई, टोप आणलाय. चल. आई, उंबरा आहे, जपून. आई, डावीकडे वळतोय."

टेम्पो पुलावर चढला. "आई, पूल आला," ती म्हणाली, आणि उदबत्ती विझली. सोमखितने गाडी थांबवून पेटवली, पुन्हा विझली. वारा नव्हता. खाली नदीसुद्धा हलत नव्हती. माझ्या मनात मात्र ती जवळ असल्याची जी खूण होती ती मागे मागे जाऊ लागली, आणि मी अगदी रिकामा झालो.

"ती येत नाहीये," ओराफिन म्हणाली. "माझ्याबरोबर यायचंच नाही तिला."

ते परत फिरले. धक्क्यावर छुआ काका नावेत बसून पाय पाण्यात सोडून वाटच बघत होते.

"अर्ध्या पुलावरून आलात ना? अगं, जितेपणी जिने त्या पुलावर पाऊल टाकलं नाही, ती आता टाकेल होय? मेलं म्हणून काय स्वभाव बदलतो?" त्यांनी वल्हं उचललं. "आणा टोप इकडे."

ओराफिन पुन्हा दुकानात गेली, उंबऱ्यापासून आईला सांगत सांगत धक्क्यावर आली. आम्ही अजून काठावरच होतो, तेवढ्यात नावेचं पुढचं टोक खाली दबलं. तिथे कुणी नव्हतं. काकांनी नुसतं बघितलं आणि म्हणाले, "आमा, लेकीला तरी आधी बसू दे. तुझी आपली कायमची घाई!"

सोमखित मागे बसला. ओराफिनने मला मांडीवर घेतलं, आमाने कधीकाळी घेतलं होतं तसं. उदबत्ती आता सरळ जळत होती.

"आई, धक्का सुटला. आई, जलपर्णी आहे, नाव डुलेल जरा. आई, मधली धार आली." इथे तिचा आवाज फुटला. "आई, तुला न विचारता सगळं नेलं गं मी. तू नको म्हणशील म्हणून विचारलंच नाही. हवं तितकं रागाव, पण त्या पडक्यात एकटी राहू नकोस. चल माझ्याबरोबर."

टण, टण.

या वेळी तो आवाज सगळ्यांनी ऐकला. काकांचं वल्हं थांबलं. आणि ओराफिनचे दोन्ही हात आपोआप पुढे झाले, तळवे वर, वाटी घ्यायला व्हावेत तसे. ती आपल्याच हातांकडे बघत राहिली.

"सोमखित," ती म्हणाली, "ती शिव्या देत नव्हती रे. इतके दिवस सांगत होती, घेऊन जा. मला घेऊन जा."

मित्रांनो, जन्मभर ज्याच्या काठावर ते ठोके पडले त्या मलाही ते कळलं नव्हतं. राग, राग म्हणून मी घाबरत बसलो होतो. मला माझीच लाज वाटली.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा चुलीवर चढलो. स्टीलच्या टोपात आता लसूण असतो. पहिली वाटी देवाला ठेवली, दुसरी छुआ काकांसमोर. "आमाचं भाडं," ओराफिन म्हणाली. काकांनी घोट घेतला, डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मशिनं आली आणि आमची जुनी ओळ सपाट झाली.

आता गिऱ्हाइकं पूल ओलांडून येतात आणि नावाड्यांना दोन वाट्या परवडतात. ओराफिन वाटी भरली की तोंडाने हाक मारते, ओगराळं वाजवायची तिला सवय नाही. तरी माझ्या काठावरचा खळगा वर्षागणिक खोल होत चालला आहे. सोमखित कधी कधी त्यावरून बोट फिरवतो आणि कामाला लागतो.

म्हणून तुम्हाला एकच विनंती आहे. घर बदला, गाव बदला, जुनी भांडी मोडीत काढायची तर काढा, मी रुसणार नाही. पण निघताना आपल्या माणसांना सांगून निघा, जिवंतांना आणि गेलेल्यांनाही. ती नको म्हणतील या भीतीने गुपचूप निघू नका. कुणास ठाऊक, ती केव्हापासून तुमच्याकडे बघत काठावर वाजवत असतील, आणि तुम्ही हात पुढे करायची वाट बघत असतील.